नवे सोवळे

मुंबईत उंची खाद्यवस्तूंचे नवे भांडार उघडले की, त्याची वार्ता एखाद्या नाट्यगृहाच्या उद्घाटनासारखी छापली जाते. २०११ साली लोअर परळला एका जुन्या कापडगिरणीच्या आवारात ‘फूडहॉल’ थाटले गेले. ते चालविणाऱ्या फ्यूचर समूहाची प्रमुख किरकोळ व्यापार कंपनी २०२२ साली दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली. पण त्याच्या आधीच, २०२१ साली, वांद्रे-कुर्ला संकुलात रिलायन्स समूहाचे ‘फ्रेशपिक’ आले होते. मालक बदलतात, प्रघात चालू राहतो.

अशा भांडारात शिरणाऱ्याला प्रथम जाणवतो तो गारवा आणि भट्टीतून नुकत्याच निघालेल्या पावाचा वास. मंद प्रकाशात सफरचंदे एकेक करून मांडलेली असतात, आणि प्रत्येकावर देशाच्या नावाची चिठ्ठी असते. न्यूझीलंडची किवी, वॉशिंग्टनची सफरचंदे, इटलीचे ऑलिव्ह तेल, चीजची चाके. ओरडणारा विक्रेता नाही, घासाघीस नाही, चिखल नाही. भाव लिहिलेला असतो, पण तो लहान अक्षरांत. तो वाचण्यासाठी वाकणाऱ्याने तेथे यायचे नसते, असा त्याचा अर्थ.

जरा पुढे गेल्यावर एका फळीवर नाचणी भेटते. ज्वारीही असते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, आणि कोकणातल्या वरकस जमिनीवर पिकणारी ही गरिबाची भाकरी सुबक डब्यात बसून वरच्या वर्गाचे पथ्य झाली. २०२४-२५ साठी केंद्र सरकारने नाचणीला जाहीर केलेला हमीभाव क्विंटलला ४,२९० रुपये होता, म्हणजे किलोला त्रेचाळीस रुपयांहून थोडा कमी. डब्यातील बिस्किटांचा भाव त्याच्या कितीतरी पट असतो. मधली रक्कम दळणाची की डब्याची की भांडाराच्या भाड्याची, हे चिठ्ठीवर छापलेले नसते. साध्या मालाचीही गत फार निराळी नाही. रिझर्व्ह बँकेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासानुसार गिऱ्हाईक कांद्यासाठी जो रुपया मोजतो त्यातील सुमारे ३६ पैसे आणि टोमॅटोच्या रुपयातील सुमारे ३३ पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात.

या दुकानांना ‘सुपरमार्केट’ म्हणतात, आणि या शब्दाचा इतिहास आजच्या रूपाच्या नेमका उलट आहे. १९१६ साली अमेरिकेत मेम्फिस शहरी गिऱ्हाइकाने आपल्या हाताने माल उचलायचे पहिले दुकान निघाले ते नोकरांचा खर्च वाचवून भाव उतरविण्यासाठी. १९३० साली, महामंदीच्या ऐन तोंडावर, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मायकेल कलन याने एका रिकाम्या गॅरेजमध्ये माल रचला आणि स्वस्त विकला. आधुनिक सुपरमार्केटचा आरंभ तेथून धरतात. भारतातही हा शब्द रुळला तो स्वस्ताईच्या आशेनेच. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, भाव भडकण्याच्या धास्तीने सरकारने पुढच्याच महिन्यात दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमध्ये सहकारी ‘सुपर बाजार’ उघडला. मंदी, महागाई, टंचाई यांच्याशी झुंजण्याचे जे साधन होते, ते आज महागाईचे देवघर झाले आहे.

मुंबईला तर यासाठी दिल्लीकडे पाहण्याची गरज नव्हती. १९४८ साली नायगावात गिरणी कामगारांनी वर्गणी जमवून ग्राहक सहकारी संस्था काढली. ‘अपना बाजार’ ती हीच. चोख वजन, ठरलेला भाव, निर्भेळ माल एवढीच तिची प्रतिज्ञा होती. १८४४ साली इंग्लंडात रॉचडेलच्या अठ्ठावीस जणांनी, ज्यांत बरेच विणकर होते, दुकान उघडले तेव्हा त्यांचीही मागणी याहून मोठी नव्हती. पिठात खडूची पूड नको, तागडीत खोट नको. विणकरांनी रॉचडेलला जे केले तेच त्यांच्या भाऊबंदांनी शतकानंतर नायगावात केले, हा योगायोग म्हणता येणार नाही. उधारीवर जगणाऱ्या कामगारालाच भेसळ आणि मापातील पाप यांची झळ सर्वांत आधी लागते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि गिरणगाव मोडले. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी व एक तृतीयांश घरबांधणीसाठी देण्याची अट घातली होती. २००१ च्या दुरुस्तीने ती केवळ बांधकाम नसलेल्या जागेपुरती उरली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. जेथे साचे होते तेथे आज चीज कापले जाते. सहकारी संस्थांच्या पडझडीचे सगळे खापर मात्र बाहेरच्यांवर फोडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कित्येक ठिकाणी संचालकांना खुर्ची प्यारी झाली, शिळा माल फळीवर राहिला आणि सभासद फक्त लाभांशापुरता उरला. मुंबईच्या ‘सहकारी भांडार’ची दुकाने या शतकाच्या पहिल्या दशकात रिलायन्सच्या व्यवस्थेखाली गेली, ती काही कोणी दरोडा घालून नेली नाहीत.

एवढ्यावर ‘चंगळवाद’ हा शब्द उच्चारून थांबण्याची डाव्या मंडळींना सवय आहे. ती सोडावी हे बरे. श्रीमंताने विदेशी चीज खाल्ल्याने गरिबाची भाकर हिरावली जाते, असे सरळ गणित नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याचे गोडवे गाण्यातही फार अर्थ नाही. त्याने उधार दिले हे खरे, आणि ते व्याजासकट तागडीत वसूल केले हेही तितकेच खरे. शीतगृहे आणि नीटस हाताळणी यांनी नासाडी कमी होते, ती व्हायलाच हवी.

प्रश्न निराळा आहे. हे भांडार खरोखर काय विकते? कीटकनाशकाचा अंश नसलेली भाजी, भेसळ नसलेले तेल, तारीख उलटून न गेलेले दूध. म्हणजे निर्धोक अन्न. वस्तुतः हे तर अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्याने प्रत्येक नागरिकाला दिलेले वचन आहे. जे शासनाने प्रत्येक मंडईत पुरवायचे, ते येथे जादा दाम मोजून घ्यावे लागते. पूर्वी सोवळ्यातले अन्न जन्माने मिळत असे, आता ते दामाने मिळते. ओवळ्यात राहणाऱ्यांची संख्या फारशी घटलेली नाही.

केंद्राच्या २०२२-२३ च्या उपभोग खर्च पाहणीनुसार शहरांतील सर्वांत वरच्या पाच टक्क्यांचा दरडोई मासिक खर्च २०,८२४ रुपये होता आणि तळच्या पाच टक्क्यांचा २,००१ रुपये. ही दोन माणसे एकाच नगरात राहतात, पण एका बाजारात जात नाहीत. अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० च्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे की, बिघडलेल्या व्यवस्थेतून ज्यांना बाहेर पडणे परवडते ते निघून गेले म्हणजे तक्रार करणारा आवाजही त्यांच्याबरोबर जातो. महापालिकेच्या शाळांचे हेच झाले, रुग्णालयांचे झाले, शिधावाटप दुकानांचे तर केव्हाच झाले. आता मंडईची पाळी आहे. वर्तमानपत्राला पत्र लिहिणारा, निरीक्षकाला जाब विचारणारा, नमुना तपासणीस पाठवा म्हणून हट्ट धरणारा मध्यमवर्गीय एकदा गार भांडारात शिरला, म्हणजे मंडईतील तुंबलेल्या गटाराची काळजी फक्त तिथल्या भाजीवालीला उरते.

भांडाराच्या आत उभ्या असणाऱ्या मुलीही या हिशेबात धरल्या पाहिजेत. दिवसभर हसतमुखाने उभे राहणे हे त्यांचे काम. दुकानांतील स्त्रियांच्या लढ्यानंतर केरळने २०१८ साली कायदा दुरुस्त करून त्यांना कामाच्या वेळेत बसण्याचा अधिकार दिला. बसण्यासाठी कायदा करावा लागतो, यावरून त्या चकचकीत फरशीचे खरे मोल कळते.

१८६९ साली, आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात, मुंबईच्या पालिकेने जी मोठी मंडई बांधली, तिला आज महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे. परक्या राजवटीतील, मूठभर करदात्यांच्या त्या पालिकेलाही हवेशीर, धुता येणाऱ्या, उजेडाच्या जागेत अन्न विकले जावे हे आपले कर्तव्य वाटले होते. तिच्या वारसदार पालिकेच्या तिजोरीत हजारो कोटींच्या ठेवी आहेत. प्रत्येक विभागात एक स्वच्छ मंडई, तिच्या दारात सरकारी तागडी आणि भेसळ तपासण्याची साधी प्रयोगशाळा उभारणे तिला अवघड नाही. या गोष्टीसाठी सभागृहात कोणीतरी उठून विचारावे लागते. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे त्या सभागृहात निवडून आलेला एकही माणूस बसत नव्हता. शहरात उंची भांडारांचे दरवाजे मात्र त्या काळातही उघडेच होते.