वॉर्डाच्या सरासरीत जात लपते
२०११ च्या जनगणनेने झोपडपट्टी ओळखली ती घरांच्या दाटीवरून आणि गैरसोयींवरून: किमान ३०० लोकसंख्या किंवा साठ-सत्तर कुटुंबे. जात त्या व्याख्येत नाहीच. पण त्रिना विथायथिल आणि गायत्री सिंग यांनी २००१ चे वॉर्डनिहाय आकडे घेऊन सात महानगरे तपासली, तेव्हा शहरे आर्थिक स्तरापेक्षा जातीने जास्त विभागलेली दिसली. आणि वॉर्ड तरी केवढा! एकाच वॉर्डात टॉवर आणि नाल्याकाठचे भीमनगर. सरासरी काढली की झाली ‘मिश्र वस्ती’. म्हणून आम्ही म्हणतो, प्रगणन गटापर्यंतचे अनुसूचित जातींचे आकडे खुले करा. त्यातही धर्म बौद्ध लिहून जात न सांगणारे आपले लोक त्या रकान्यात येतच नाहीत. मग आपल्या वस्तीचे वर्गीकरण कशावरून करणार?