सतरा मतांचं बडोदा, पाच लाखांचं वडोदरा

आयर्लंडात वेक्सफर्ड परगण्यात बॅनो नावाचं गाव होतं. होतं म्हणजे, वाळूखाली गेलं. घरं बुजली, माणसं पांगली, पण डब्लिनच्या पार्लमेंटात बॅनोचे दोन सभासद १८०० सालापर्यंत बसत होते! कारण मतदारसंघ गावाचा नव्हताच, मालकाचा होता. पुढे ते पार्लमेंटच लंडनच्या पोटात गेलं तेव्हा अशा रद्द झालेल्या गावांपोटी दर गावामागे १५,००० पौंड भरपाई दिली गेली. कुणाला? मतदाराला नव्हे, मालकाला.

हे सगळं आठवलं ते आमच्या नागरवाड्यात, नेहमीचं पालुपद ऐकताना. "बडोद्याला कसला प्रश्न? सुरक्षित जागा आहे." मंडळी, सुरक्षित कुणासाठी?

जरा यादी पाहा. १९५७ ते १९८४ या काळात सात लोकसभा निवडणुका झाल्या, त्यातल्या सहा गायकवाडांनी जिंकल्या. फत्तेसिंहराव चारदा, रणजितसिंह दोनदा. आमच्या मराठी घरांतून या काळाबद्दल अजून हळवं बोललं जातं, "आपले महाराज" वगैरे. मला हा हळवेपणा पटत नाही. सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, ते काय पणतवंडांनी डोळे मिटून राजवाड्याकडे बघून शिक्का मारावा म्हणून? आणि राजाशिवाय बडोद्याचं पान हलत नव्हतं हेही खोटंच. १९६७ साली याच मतदारांनी स्वतंत्र पक्षाचे पाशाभाई पटेल निवडून दिले होते. १९८९ ला जनता दलाचे प्रकाश ब्रह्मभट्ट. १९९१ ला तर टीव्हीवरच्या सीतामाई, दीपिका चिखलिया.

पण या इतिहासातलं माझं सगळ्यात आवडतं साल १९९६. सत्यजितसिंह गायकवाड जिंकले ते अवघ्या १७ मतांनी! अख्ख्या मतदारसंघात सतरा. एका वाड्यातली माणसं दुपारी झोपून राहिली असती तर खासदार बदलला असता. जिंकलेल्यालाही झोप लागली नसेल आणि हरलेल्यालाही. (मी निवडणुकीच्या ड्यूटीवर बोटाला शाई लावणाऱ्यांपैकी आहे. सतरा बोटं म्हणजे किती, हे मला विचारा. पाच मिनिटांची रांगसुद्धा नाही.) उमेदवाराला आपली गरज असते ती अशा वेळी. पुढे १९९८, १९९९ आणि २००४ असं तीनदा जयाबेन ठक्कर आल्या आणि जागा पुन्हा "सुरक्षित" झाली.

२००८ च्या फेररचनेनंतर यादीतलं 'बडोदा' हे नावही गेलं, २००९ पासून 'वडोदरा' आलं. गोव्याच्या वाचकांना यात नवल नाही, त्यांचे पणजी आणि मुरगाव तेव्हाच उत्तर गोवा, दक्षिण गोवा झाले. नावाचं मला दुःख नाही. दुःख आहे ते २०१४ चं.

त्या वर्षी नरेंद्र मोदींना वडोदऱ्याने ५,७०,१२८ मतांची आघाडी दिली. केवढा अभिमान आम्हाला! त्याच महिन्यात त्यांनी वाराणसी ठेवली आणि वडोदरा सोडलं. कायद्याने चूक काहीच नाही. दोन जागांवर उभं राहता येतं, दोन्ही जिंकल्या तर एक सोडावी लागते, आणि सगळ्याच पक्षांच्या पुढाऱ्यांनी हे केलेलं आहे. सप्टेंबरात पोटनिवडणूक झाली, रंजनबेन भट्ट आल्या. २०२४ साली त्यांनाच पुन्हा उमेदवारी जाहीर झाली, मग वैयक्तिक कारणाने त्यांनी माघार घेतली, हेमांग जोशी उभे राहिले आणि तेही पाच लाखांहून जास्त मतांनी निवडून आले. माझा राग यातल्या कुणा एका व्यक्तीवर नाही. उमेदवार ऐन वेळी बदलला तरी आकडा जराही हलत नाही, मग उमेदवाराने आमच्या गल्लीत येऊन नळाचं पाणी विचारावं कशाला?

"लोकांनीच निवडून दिलं ना?" दिलं की! बॅनोत मतदारच उरला नव्हता, आपल्याकडे लाखांनी आहेत, आणि तरी आपण त्या वाळूसारखे गप्प. आकड्याचा अभिमान बाळगायचा आणि आकड्याच्या बदल्यात काही मागायचं नाही, याला मी भक्ती म्हणेन, मतदान म्हणणार नाही.

निवडणूक आयोगाने २००४ सालीच सुचवलं होतं की दोन जागांवर लढणं बंद करा, नाहीतर जागा सोडणाऱ्याकडून पोटनिवडणुकीपोटी रक्कम घ्या. लोकसभेसाठी दहा लाख. सुप्रीम कोर्टाने २०२३ साली हा विषय संसदेचा आहे असं सांगून याचिका फेटाळली. संसदेत बसतात कोण, तर ज्यांना ही सोय हवी तेच. म्हणून पुढच्या वेळी जो कुणी नागरवाड्यात मत मागायला येईल, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, त्याला मी एकच विचारणार आहे: बाबा रे, आणखी कुठे फॉर्म भरलायस का? आणि भरला असशील तर पोटनिवडणुकीचा खर्च कोण देणार, तू की मी?