सुई मुलीच्या हातीं, कातर आईच्या

हुपरीचें नांव निघालें कीं वाचकभगिनींना चांदीचे पैंजणच आठवतील. कोल्हापूर जिल्ह्यांतील या गांवीं चांदीकाम हा घराघरांतून चालणारा व्यवसाय आहे. थोरांचा हात पाहत पाहत धाकटे शिकतात, आणि कड्या जोडण्यासारख्या कामांत स्त्रियाही वांटा उचलतात. माझ्या आत्याबाईंचें घर याच गांवीं. मात्र त्या घराचें पिढीजात वेड चांदीचें नव्हे, शिवणाचें. त्यांच्या सासूबाई हातशिलाईनें चोळ्या शिवीत. आत्याबाईंनीं यंत्र घेतलें. आतां त्याच यंत्रावर त्यांची नात बसते. कोल्हापुरास स्वतःचें दुकान काढावें असा तिचा मानस आहे.

ही मुलगी सुबक तुरपते, काजें करते, सरळ बखे घालते. पण कापड बेतण्याची वेळ आली कीं कातर आत्याबाई आपल्याकडे घेतात. मुलीला एकोणीस पूर्ण झालीं! "हात बसला कीं देईन," असें त्या म्हणतात. कापल्यावांचून हात बसावयाचा कसा, हें विचारण्याची त्या घरांत कोणाची छाती नाहीं.

त्यांच्या भीतीस कारण नाहीं असें नव्हे. शेजारच्या कारागिराचा पैंजण बिघडला तर तो पुन्हा मुशींत जातो. थोडी घट येते, मजुरी बुडते, परंतु धातु उरतो. कातर चाललेलें कापड मात्र पुन्हा अखंड होत नाहीं. त्यांतून खणाची चोळी! गुळेदगुड्डचा खण मुळांत अरुंद. त्याचे काठ बाह्यांच्या कडेस यावे आणि पुढें गांठ मारण्यापुरतीं टोंकें उरावीं, एवढें सारें त्यांतच बसवावयाचें. बोटभर चूक झाली तर खण वायां. घरखर्चांतून वांचवून आणलेला खण नवशिक्या हातीं कोण देईल?

तर मग जुन्या बायका बेतणें शिकल्या कशावर? माझ्या मतें बाळाच्या कपड्यांवर. बारशाची कुंची खणाची किंवा रेशमी असे. परंतु रोजचीं झबलीं, टोपडीं, दुपटीं जुनेरांतूनच निघत, कारण वापरून वापरून मऊ झालेलें लुगडें बाळाच्या अंगास सोसतें. झबलें हा त्यांतील पहिला धडा. कापडाची चौपदरी घडी घालावी. जेथें दोन्हीं घड्या मिळतात त्या कोपऱ्याशीं गळ्यासाठीं पाव वर्तुळ कापावें. मग खालून वर येत कांखेशीं कातर बाहीकडे वळवावी. एका कापांत पाठ, पोट व दोन्हीं बाह्या निघतात. (चूक झाली तर तीही चौपट होते, हें आलेंच.) कांखेंतील वळण गोल ठेवावें, कोन राहिला तर कापड तेथेंच फाटतें. पुढचा भाग मध्यें उभा चिरून बंद लावावे, आणि पुढला गळा मागल्यापेक्षां किंचित् खोल करावा. घडी, माप, वळण हें सारें या वीतभर कपड्यांत येतें. आणि तो बिघडला तर दुसरें जुनेर आहेच, कोणी रागें भरत नसे.

ही शाळा आतां बंद पडत चालली आहे. बाळाचे कपडे बाजारांतून तयार येतात, आणि कपाटांतून निघणाऱ्या जुन्या साड्या पुष्कळदां कृत्रिम धाग्याच्या. त्या तान्ह्याच्या उपयोगाच्या नाहींत व कातरीखालीं सरकतात. मुलीच्या वांट्यास उरतें तें फक्त शिवणें. याचा परिणाम घरापुरता असता तर मीं लिहिलें नसतें. पण शिंप्याच्या दुकानीं पहा: माप घेऊन कापतो तो मास्तर, आणि नगामागें मजुरी घेऊन शिवतो तो कारागीर. आत्याबाईंची नात आज आहे तशी दुकान घालील, तर तिला कापण्यासाठीं मास्तर ठेवावा लागेल.

याच जिल्ह्याच्या भानू अथैय्या यांची गोष्ट या संदर्भांत पाहण्याजोगी आहे. १९२९ सालीं कोल्हापुरांत राजोपाध्ये घराण्यांत त्यांचा जन्म झाला. वडील चित्रकार, ते लवकर वारले, पण चित्रकलेची गोडी लागून चुकली होती. मुंबईस जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या भानूताई एका महिला-साप्ताहिकासाठीं पोशाखांचीं चित्रें काढीत. पुढें त्याच्या संपादिकेनें कपड्यांचें दुकान काढलें, आणि कागदावरचें काम कापडावर आलें. 'गांधी' चित्रपटाच्या वेषभूषेसाठीं १९८३ सालीं जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळालें. तें मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. २०२० सालीं त्या निवर्तल्या. पोशाख प्रथम डोळ्यांपुढें उभा करावयाचा, कापड मागाहून, हा क्रम आपल्या घरांतील शिवणांत क्वचितच दिसतो.

ज्या घरीं शिकणारी मुलगी आहे, तेथें जुनी सुती चादर फडक्यांसाठीं फाडूं नये. तिच्यांत कितीतरी झबलीं सहज निघतील. प्रथम वर्तमानपत्रावर आंखून कापण्याचा सराव करावा. मात्र त्यासाठीं कातर निराळी ठेवावी. कागदानें धार जाते, आणि मग कापडावर ती नुसती चावत राहते.