जुन्या ट्रॅक्टरला जुना वखर

कापसाची शेवटची वेचणी उरकली, ज्वारी खळ्यावरून घरी आली, की गावोगाव एक बोलणे सुरू होते : औंदा वखर घ्यायचा. बैलजोडी पोसणे झेपेना म्हणून विकली, कुणाचा तरी वीस वर्षे चाललेला ट्रॅक्टर दारात आला, आणि आता त्याच्यामागे जोडायला तव्याचा वखर हवा. दुकानदाराच्या भाषेत डिस्क हॅरो. नव्याची ऐपत नाही, म्हणून जुना. यात कमीपणा काही नाही.

नव्या अवजाराला सरकारी अनुदान आहे, अल्पभूधारकाला निम्म्यापर्यंत. पण आधी पदरचे पैसे घाला, मग अनुदानाची वाट पाहा, असा तो मामला. जुन्या अवजाराला छदाम नाही. शेतकऱ्याने शेतकऱ्याकडून घेतलेल्या लोखंडात कारखानदाराचा फायदा नसतो, हेच त्याचे कारण असावे असे कुणी म्हणाले तर आम्ही त्याचे तोंड धरणार नाही.

भावाचे एक लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेती अवजारांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यामुळे विकणारा त्याआधीची पावती नाचवू लागला तर नव्याचा आजचा भाव दुकानातून लिहून आणा आणि त्याच्यापुढे ठेवा.

पण सौदा खरा फसतो तो भावात नाही, आकारात. सोळा तव्यांचा वखर बारा तव्यांच्या किमतीत मिळाला म्हणून फुशारकी मारणारे आम्ही पाहिले आहेत. आपल्याकडच्या जुन्या ट्रॅक्टरच्या कागदावर ३५ अश्वशक्ती लिहिलेली असते, ती नव्या इंजिनाची. एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचे केंद्र सरकारने २०१६ साली ठरवले. त्यांचे ट्रॅक्टर अजून वावरात आहेत, पण वयाने थकलेले. अशा ट्रॅक्टरने भारी काळ्या जमिनीत २२ इंची बारा तवे ओढले तरी पुष्कळ झाले. इंजिन दमले असेल तर दहाच बरे. त्याला सोळा तवे जोडले की काळा धूर निघतो, चाक जागेवर फिरते आणि क्लच प्लेट जळते.

२०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ८११० रुपये क्विंटल हमीभाव जाहीर झाला आणि हंगामाच्या तोंडावरच, ऑगस्ट २०२५ मध्ये, आयात कापसावरचे ११ टक्के शुल्क सरकारने उठवले. ते वर्षअखेरपर्यंत उठलेलेच राहिले. बाजार असा वागवत असताना मृगाआधी ट्रॅक्टर मिस्त्रीकडे पडला, तर पेरणीला भाड्याचा ट्रॅक्टर आणि त्यासाठी सावकाराचे दार, एवढेच उरते.

म्हणून पैसे देण्याआधी वखर आपल्या वावरात चालवून पाहा, विकणाऱ्याच्या भुसभुशीत रानात नव्हे. मागच्या टायरवर चुन्याची खूण करा. वखर उचलून ट्रॅक्टर चालवा आणि चाकाच्या दहा फेऱ्या जिथे पुऱ्या होतील तिथे खुंटी ठोका. मग तेवढेच अंतर वखर जमिनीत घालून काटा. साडेअकरा फेऱ्यांत भागले तर जोडी जमली. बारा-तेरा लागल्या तर चाक घसरते आहे, डिझेल मातीत चालले आहे. दुसरा वखर शोधा. वखर उचलताना पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग सैल लागते का, हेही बघा. उचललेला वखर इंजिन बंद करताच धपकन खाली बसला, तर दोष तुमच्या लिफ्टचा आहे. ती आधी दुरुस्त करा.

आता लोखंडाकडे. ताज्या रंगाला भुलू नका, खिळ्याने खरवडा; रंगाखाली वेल्डिंगचे टाके सापडतात, विशेषतः ट्रॅक्टरला जोडतात त्या सांगाड्यावर. टेप लावून प्रत्येक तवा मोजा. २२ इंचाचा तवा झिजून १८ वर आला असेल तर तो खोल जाणार नाही. एका आसावरचे सगळे तवे एकदम फिरतात, त्यामुळे एक तवा मोठा आणि शेजारचा लहान असला की ओढ वाढते. तवा दोन्ही हातांनी कडेला धरून हलवा. खडखडला तर बेअरिंग गेले आहे किंवा आसाचा नट ढिला आहे. ढिल्या आसावर तव्याचे चौकोनी भोक गोल होत जाते आणि मग नट कितीही आवळा, उपयोग नाही. तव्यांची माती खरवडणाऱ्या पट्ट्या जागेवर आहेत ना? काळ्या चिकट मातीत त्या नसल्या तर दोन तासांतच तव्यांचे लाडू होतात. खालच्या जोडपिना २२ मिलिमीटरच्या की २८ च्या, हे घरून ट्रॅक्टर मोजूनच जा. बेअरिंग आणि तव्यांचा दुकानातला भाव आधी विचारून ठेवला म्हणजे जे जे बदलावे लागेल ते किमतीतून तिथेच कापता येते.

पऱ्हाट्या कापायला मोठा वखर हवा, असे काहीजण सांगतात. उभ्या पऱ्हाट्या तव्यांत गुंततात. त्या आधी उपटून वावराबाहेर काढाव्यातच. २०१७ च्या गुलाबी बोंडअळीनंतर हे वेगळे सांगायला नको. ज्वारीच्या धसकटांना मात्र पुढच्या रांगेला खाचेचे तवे असले तर काम सोपे होते. आणि तव्यांनी वर्षात एकदा, फार तर दोनदा, वाफशावर फिरवावे. त्याच खोलीवर पुन्हापुन्हा फिरवले की खाली घट्ट थर धरतो आणि पाऊस मुरत नाही. उरलेली तणाची पाळी साध्या पासेच्या वखराने होते. तो गावच्या लोहाराकडेही मिळतो.

खरेदी मृगाच्या तोंडावर करू नका; गरजवंताला अक्कल नसते हे विकणाऱ्याला पक्के ठाऊक असते. अवजाराला ट्रॅक्टरसारखे नोंदणीचे कागद नसतात, तेव्हा साध्या कागदावर का होईना, विकणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार घ्या. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना आपापल्या गावात विकायला असलेल्या वखरांची यादी आणा : तवे किती, व्यास केवढा, भाव काय. तीन-चार घरांत मिळून एक घेणार असाल तर तेही कळवा.