आईला बोलावणं कोण धाडणार?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या बाईला पंचविशीच्या उंबरठ्यावर पहिलं पत्र येतं: गर्भाशयमुखाच्या तपासणीला या. चौसष्टाव्या वर्षापर्यंत ही पत्रं येत राहतात. पन्नाशी उलटली की त्रेपन्नाव्या वाढदिवसाच्या आत मॅमोग्राफीचं बोलावणं येतं आणि मग एकाहत्तरीपर्यंत दर तीन वर्षांनी. आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीची नळी तर घरपोच. मुलींना बाराव्या-तेराव्या वर्षी शाळेतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही या विषाणूवरची लस मिळते, २००८ पासून. या कशालाही पैसे लागत नाहीत, ओळख लागत नाही. रांगेत कुणाला उभं करावं लागत नाही.

इकडे येऊन राहिलेल्या आपल्यातल्या कितीतरी जणींच्या आया, सासवा, काकू, माम्या अजून पेण-रोह्याकडे आहेत. वडखळ नाक्यावरून अलिबागकडे वळलं की धरमतरच्या खाडीवरचा पूल लागतो, त्या खाडीच्या दोन्ही अंगांना. त्यांच्या दारात असं पत्र पडत नाही. तिथे येते ती आशाताई, म्हणजे गावातलीच सरकारी आरोग्य कार्यकर्ती, हातात फॉर्म आणि मोजपट्टी घेऊन.

भारत सरकारने २०१६ मध्ये ठरवून दिलं की तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीचा रक्तदाब, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख तपासायचं. योजना कागदावर चोख आहे. पण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारलं, तेव्हा गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या देशभरात शंभरात दोनही निघाल्या नाहीत. स्तनांची आणि तोंडाची तपासणी झालेल्या शंभरात एकही नाही.

हे असं का होतं, ते मी गेल्या हिवाळ्यात खाडीकाठच्या एका गावात, नात्यातल्या काकूंच्या ओटीवर पाहिलं. आशाताईने कंबर मोजली. ऐंशी सेंटिमीटरच्या पुढे गेली की फॉर्मवर गुण चढतात, तेवढे चढले. मग विचारलं, "तंबाखू?" काकू म्हणाल्या, "छे!" मागच्या कोनाड्यात मशेरीचा डबा होता. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, पण काकूंच्या लेखी ते दात घासणं. पुढचे प्रश्न आले: छातीत गाठ? पाळी गेल्यावर रक्तस्राव? अंगावरून दुर्गंधीचं पाणी जातं का? काका खुर्चीत पेपर वाचत होते, शेजारी जावई बसलेला. "मला काय धाड भरलेय?" काकू म्हणाल्या. आशाताईने वाद घातला नाही. "काकू, पाणी द्या हो जरा," म्हणत ती त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. तिथे, मोरीपाशी, तेच प्रश्न पुन्हा विचारले आणि या वेळी उत्तर बदललं. पुढच्या आठवड्यात तीच त्यांना सोबत घेऊन पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात गेली.

मला हे अतिशय महत्त्वाचं वाटतं. यंत्राच्या फार आधी लागते ती आत येऊन विचारणारी आणि बरोबर चालणारी बाई. आणि हे नुसतं वाटणं नाही, महाराष्ट्रातच ते सिद्ध झालेलं आहे.

बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉ. कस्तुरी जयंत यांच्या पुढाकाराने कार्यकर्ते गावोगाव फिरले, बायकांशी लक्षणांबद्दल मोकळेपणाने बोलले. तेवढ्यानेच गर्भाशयमुखाचा कर्करोग पहिल्या टप्प्यांतच पकडला जाण्याचं प्रमाण वाढलं. नंतर याच बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलने शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ५२ गावसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर मोठा अभ्यास केला. २००९ साली तो प्रसिद्ध झाला आणि जगभरची धोरणं त्याने बदलली: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एचपीव्ही चाचणीच्या गटात बोलावलेल्या दहांपैकी जवळजवळ आठ जणी आल्या होत्या. मराठवाड्यातल्या शेतमजुरीला जाणाऱ्या बाया! तेव्हा "आपल्या बायका तपासणीला येतच नाहीत" हे वाक्य कृपा करून कुणी उच्चारू नये. बोलावलं, समजावलं, की येतात.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने १९९८ पासून आणखी साधा मार्ग चालवला. दहावीपर्यंत शिकलेल्या मुलींना काही आठवडे प्रशिक्षण दिलं. त्या गर्भाशयमुखावर पातळ व्हिनेगर लावायच्या, मिनिटभर थांबायच्या आणि पांढरा डाग उमटतो का ते बघायच्या. त्यातून मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच अभ्यासात हाताने केलेल्या स्तनतपासणीचा फायदा पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्पष्ट दिसला, मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपास कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत तसा तो दिसला नाही. म्हणून वय पाहूनच तपासणी निवडायची.

आपण परदेशातून आईवर माया कशी करतो? मोबाइलवर सत्तर-ऐंशी चाचण्यांचं "फुल बॉडी" पॅकेज भरून. माणूस येऊन रक्त नेतो, बारा पानांचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, आपलं समाधान होतं. पण त्या बारा पानांत गर्भाशयमुख नसतं, स्तन नसतो, मशेरी लावणाऱ्या हिरड्या नसतात. रक्ताच्या नळीत या तिन्ही जागांचा कर्करोग लवकर दिसत नाही. पॅकेजचे पैसे वाचवा आणि दोन दिवस आईला द्या.

या हिवाळ्यात गावी जाणाऱ्यांनी म्हणून एवढं करावं. आई किंवा काकू तीस ते पासष्टच्या दरम्यान असेल तर गर्भाशयमुखाची एक चांगली चाचणी, शक्य असेल तर एचपीव्हीची. पन्नाशी झाली असेल तर मॅमोग्राफी. मशेरी-तंबाखू असेल तर तोंड उघडून बॅटरीच्या उजेडात गालाच्या आतला भाग डॉक्टरांना दाखवायचा. हे पाच मिनिटांचं काम आहे. रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तर प्रत्येकीचंच, कारण महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि तो "अशक्तपणा" या एका शब्दात वर्षानुवर्षं झाकला जातो. गरोदरपणात साखर वाढलेली बहीण किंवा वहिनी असेल तर तिने दरवर्षी साखर बघायची, बाळ कितीही मोठं झालं तरी. पुढच्या तपासाची गरज निघाली तर पेण-रोह्याहून खारघरचं टाटाचं केंद्र मुंबईच्या आधीच लागतं. आणि पाळी गेल्यानंतर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी नेहमीच्या तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच आठवड्यात डॉक्टर.

तिकीट काढतानाच तारीख ठरवा, आणि ती पहिल्याच आठवड्यातली असू द्या. रिपोर्ट आपण तिथे असताना हातात यायला हवा. शेवटच्या दिवशी नमुना देऊन विमानात बसलं तर त्या कागदाचं पुढे काय करायचं, हे सत्तरीतल्या बापावर पडतं. जिने घेऊन जायचं ती शक्यतो मुलगी, सून किंवा भाची असावी. मुलगे हो, तुम्ही गाडी काढा, बाहेर थांबा, काकांना कुठेतरी फिरवून आणा.

आता इकडच्या आपणही. दक्षिण आशियाई घरांतल्या स्त्रिया गर्भाशयमुखाच्या तपासणीला कमी जातात हे या देशातल्या पाहण्यांत वारंवार दिसलं आहे, आणि आपल्या हळदीकुंकवातली कुजबुज ऐकली की पटतं. "एकाच माणसाशी संसार, मला कशाला?" असं म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणी सुशिक्षित आहेत. एचपीव्ही संसार बघत नाही. एका साथीदाराकडूनही तो येतो, वर्षानुवर्षं गप्प राहतो. नर्स बाईच हवी असं सांगता येतं, सोबत कुणाला नेता येतं, दुखलं तर थांबा म्हणता येतं. काही महिन्यांसाठी इथे आलेल्या आईला मात्र ही पत्रं येत नाहीत, तेव्हा तिची तपासणी गावीच उरकून घ्या.

आपल्या मंडळाच्या जानेवारीच्या हळदीकुंकवात या वर्षी वाणाबरोबर एक कोरी चिठ्ठी देणार आहोत. प्रत्येकीने तिच्यावर स्वतःच्या आणि आईच्या, सासूच्या शेवटच्या तपासणीचं वर्ष लिहायचं. आठवत नसेल तर तसं लिहायचं. नाव घालायची गरज नाही. आपल्या मंडळातल्या दोन नर्सताई त्या दिवशी मागच्या खोलीत बसतील. ज्यांना विचारायचं असेल त्यांनी आत जावं, दार लावून घ्यावं.