किहीमचा प्लॉट आणि चरीचा संप

१/
समजा, न्यू जर्सीत तीस वर्षे राहिलेले एक मराठी दांपत्य आहे. बालपण गिरगावात गेले, पारपत्र आता अमेरिकेचे. निवृत्तीनंतर वर्षातील चार महिने समुद्राकाठी काढावेत, अशी दोघांची इच्छा. मुंबईतल्या भाच्याने किहीमच्या एका जमिनीची छायाचित्रे पाठवली आहेत : पंधरा गुंठे, नारळाची दहा-बारा झाडे, पलीकडे सुरूचे बन आणि दूर पाण्यात खांदेरी-उंदेरी. जमीन घ्यावी की घेऊ नये? प्रश्न घरगुती वाटतो. पण त्याच्या मुळाशी अलिबाग तालुक्याचा बराचसा इतिहास आहे. म्हणून हा धागा.

२/
पहिलीच गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. कायद्याच्या दृष्टीने या दांपत्यासाठी किहीम हा परदेशी किनारा आहे. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ आणि त्याखालील नियमांनुसार अनिवासी भारतीयांना व ओसीआय कार्डधारकांना भारतात राहते घर किंवा व्यापारी गाळा विकत घेता येतो. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळ्याची जमीन विकत घेता येत नाही. वारशाने आली, तर ठेवता येते. छायाचित्रांतली जमीन शेतीची आहे.

३/
भाच्याच्या नावावर घ्यावी, तर तोही शेतकरी नाही. १९४८च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याचे कलम ६३ त्याच्या आड येते : शेतकरी नसलेल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. भाच्याकडे यावरही तोड आहे. ओळखीतला एक खातेदार आहे. जमीन त्याच्या नावावर घ्यायची, पैसे मामांनी द्यायचे, आपापसांत एक कागद करून ठेवायचा. “सगळेच असे करतात,” असे तो म्हणतो. ते कलम म्हणजे त्याला जुन्या काळाची अडगळ वाटते. ती अडगळ कोठून आली, हे पाहिल्याशिवाय या व्यवहाराविषयी मत बनवू नये.

४/
किनाऱ्यावरची जमीन परक्याला द्यावी की नाही, हा प्रश्न या भागात पाचशे वर्षे जुना आहे. १५२१ साली अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी चौलला, म्हणजे आजच्या रेवदंड्यास, किल्ला बांधायला घेतला. देणाऱ्याच्या मनात व्यापार होता. घेणाऱ्याच्या मनात व्यापाराबरोबर तोफाही होत्या. १६३६ साली निजामशाही बुडाली, पोर्तुगीज मात्र राहिले. १७४०च्या तहाने चौल मराठ्यांकडे आले, तेव्हा त्या परवानगीला २१९ वर्षे झाली होती.

५/
हा अनुभव रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त धोरण होऊन उतरला आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील या ग्रंथात टोपीकरांविषयी स्पष्ट सावधगिरी आहे. त्यांना वखारीसाठी जागा देणे भागच पडले, तर ती समुद्रतीरी किंवा खाडीकाठी देऊ नये, किनाऱ्यापासून आत द्यावी, आणि तेथे पक्की, बुलंद बांधकामे होऊ देऊ नयेत, असा त्याचा आशय. जमिनीचा तुकडा लहान असला, तरी समुद्राकडचा दरवाजा कोणाच्या हाती जातो, याकडे अमात्यांचे लक्ष होते.

६/
यावरून ‘परका तो शत्रू’ असा निष्कर्ष काढणे मात्र चूक ठरेल. किहीमला लागूनच नवगाव आहे. बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज जहाज फुटून याच किनाऱ्याला लागले. त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी काम बंद ठेवले, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. ज्या गावी ते राहिले, त्या गावांची नावे त्यांनी आडनावे म्हणून घेतली : नवगावकर, पेणकर, रोहेकर, आणि अर्थातच किहीमकर.

७/
या समाजाचा पहिला मोठा इतिहास लिहिणारे गृहस्थ हाइम सॅम्युएल किहीमकर. त्यांचा ग्रंथ १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले आणि किहीमचे नाव तेथे पोहोचले. आज इस्राएलचा नागरिक असलेल्या एखाद्या किहीमकरालाही किहीममधील भातशेतीचा एक गुंठा विकत घेता येणार नाही. हे कठोर वाटते. कायदा इतका कठोर का झाला, हे समजण्यासाठी त्याच तालुक्यातील चरी या गावी जावे लागते.

८/
चरी हे खारेपाटातले गाव. खारेपाट म्हणजे भरतीचे पाणी बांध घालून अडवायचे आणि मागच्या खाऱ्या जमिनीत भात पिकवायचे. बांध फुटला की शेत बुडाले. तो राखण्याचे कष्ट कुळांचे. येथे जमिनीचा बराचसा भाग शेतकऱ्याच्या घामाने शब्दशः समुद्रातून काढलेला आहे. कागदावर मात्र त्याचे नाव नव्हते.

९/
खोत हा मुळात महसूल गोळा करून सरकारात भरणारा मध्यस्थ. इंग्रजी अमलात तो व्यवहारात जमिनीचा धनी होऊन बसला. कुळाने कबुलायत लिहून द्यायची, पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी पोहोचवायचा, वर निरनिराळे फाळे भरायचे, आणि खोताची मर्जी फिरली की शेत सोडायचे. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर आपला हक्क दाखवायला त्याच्याकडे कागदाचा चिटोराही नसे.

१०/
२७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला. पंचवीस गावांनी खोतांची जमीन कसायची नाही असे ठरवले. कारखान्यातला कामगार संपावर गेला, तर यंत्र थांबते. शेतकरी संपावर गेला, तर त्याचीच चूल थांबते. तरीही लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून त्यांनी दिवस काढले. शेते ओस राहिली. संप १९३९ पर्यंत चालला.

११/
१९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीच्या शेतकरी परिषदेला आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याच वर्षी नारायण नागू पाटलांनी ‘कृषीवल’ सुरू केले. चरीच्या मागण्या अनेक होत्या. त्यांचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : जमीन जो कसतो, त्याचे नाव कागदावर यावे.

१२/
पुढचे कायदे याच वाटेने आले. १९३९च्या कुळकायद्याने संरक्षित कूळ ही कल्पना आणली. १९४८चा कुळवहिवाट कायदा आला, १९४९ साली खोती निर्मूलनाचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’. त्या दिवशी कुळे कायद्याने जमिनीची खरेदीदार मानली गेली. रायगडमधल्या असंख्य सातबाऱ्यांवर आजोबांचे नाव लागले, ते या प्रक्रियेतून.

१३/
कलम ६३ची जागा या साखळीत आहे. कसणाऱ्याला जमीन दिली आणि विकत घेण्याची मुभा पैसेवाल्या कोणालाही ठेवली, तर एका पिढीत ती पुन्हा शहरातल्या धन्याकडे जाईल, ही भीती त्यामागे होती. आदिवासींच्या जमिनीसाठी जमीन महसूल संहितेत कलम ३६ आणि ३६-अ अधिक कडक आहेत. रायगडातील कातकरी आणि ठाकूर वाड्यांच्या संदर्भात त्यांचे मोल विशेष आहे.

१४/
आता भाच्याची तोड पुन्हा पाहावी. पैसे एकाचे, नाव दुसऱ्याचे, ताबा तिसऱ्याचा. सातबाऱ्यावर जे लिहिले आहे आणि शिवारात जे खरे आहे, त्यांच्यात पुन्हा फारकत. चरीची माणसे नेमक्या याच फारकतीविरुद्ध सहा वर्षे झगडली. तेव्हा खऱ्या शेतकऱ्याचे नाव कागदावर नव्हते. आता खोट्या शेतकऱ्याचे असेल.

१५/
व्यावहारिक बाजूही कच्ची आहे. बेनामी व्यवहारांना प्रतिबंध करणारा कायदा १९८८चा आहे. पैसे देणाऱ्याला “जमीन खरी माझी” म्हणून न्यायालयात दाद मागता येत नाही. २०१६च्या सुधारणेनंतर मालमत्ता जप्त होऊ शकते आणि सात वर्षांपर्यंत कारावासही होऊ शकतो. कुळकायद्याच्या कलम ८४-क नुसार तहसीलदार अवैध हस्तांतरणाची चौकशी करून जमीन शासनाकडे घेऊ शकतात. आपापसांतला तो कागद अशा वेळी हक्काचा पुरावा ठरत नाही, गैरव्यवहाराचा ठरतो.

१६/
किनाऱ्याचा कायदा वेगळाच. १९ फेब्रुवारी १९९१च्या अधिसूचनेने भरतीच्या कमाल रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियमनाखाली आला. ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरमध्ये नव्या बांधकामाला बंदी आली. २०१९च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागांसाठी ती मर्यादा अटींसह ५० मीटरवर आणली. त्याच वर्षी ८ मार्चला किहीमच्या किनाऱ्यावरचा नीरव मोदी यांचा बंगला नियमभंगाच्या कारणावरून जिल्हा प्रशासनाने नियंत्रित स्फोटाने पाडला. ‘सगळेच करतात’ या समर्थनाची मर्यादा त्या दिवशी किहीमने पाहिली.

१७/
या मताविरुद्ध एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. पंधरा गुंठ्यांत भात लावून घर चालत नाही. मुलीचे शिक्षण, आईचे आजारपण, यासाठी शेतकऱ्याला जमीन विकायची असेल, तर गिऱ्हाईक कमी करणारा कायदा त्याचाच भाव पाडतो. कर्नाटकने २०२० साली असे निर्बंध काढून टाकले, ते याच युक्तिवादाच्या जोरावर. शेतकऱ्याने कायम शेतकरीच राहावे, असा उपदेश करण्याचा अधिकार न्यू जर्सीला नाही आणि इतिहासप्रेमींनाही नाही.

१८/
पण नाव उसने घेऊन केलेल्या खरेदीने हा आक्षेप मिटत नाही. शेतीच्या भावाने घेतलेली जमीन उद्या बंगल्याची होते, तेव्हा वाढलेली किंमत विकणाऱ्याच्या हाती पडत नाही. ती मधला माणूस आणि घेणारा वाटून घेतात. कायदा बदलायचा असेल, तर तो विधिमंडळात, चरीच्या नातवंडांसमोर उघड चर्चा करून बदलावा. आंबेडकरांनी खोतीविरुद्ध विधेयकच मांडले होते.

१९/
जगातही हा पेच नवा नाही. मेक्सिकोच्या १९१७च्या राज्यघटनेने किनाऱ्यापासून ५० किलोमीटर आणि सीमेपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी व्यक्तीला जमिनीची थेट मालकी नाकारली. तेथे परदेशी माणूस बँकेच्या न्यासामार्फत घर घेतो. व्यवस्था गुंतागुंतीची आहे, पण उघड आहे : नोंदीत बँक कोण, लाभार्थी कोण, हे लिहिलेले असते. किहीमच्या उसन्या नावात नेमका हाच उघडपणा नाही.

२०/
मग या दांपत्याने काय करावे? घर निवडण्याविषयी किहीममध्येच एक जुना अभ्यास झाला आहे. १९३० साली सलीम अली यांनी येथे सुगरण पक्ष्यांचे निरीक्षण केले. नर खोपा अर्धा विणून ठेवतो. मादी तो आत शिरून तपासते आणि पसंत पडला तरच त्यात राहते. माणसानेही निदान तेवढे करावे. आजच्या सातबाऱ्यावर न थांबता फेरफार १९५०च्या दशकापर्यंत मागे वाचावेत. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाची नोंद आहे का, जमीन आदिवासी खातेदाराची होती का, भरतीरेषा कोठे येते, किनाऱ्याकडे जाणारी गावाची वहिवाट कुंपणात अडकते का, विहिरीचे पाणी कोणाचे, हे सारे विचारावे.

२१/
शेतीची ती पंधरा गुंठे जमीन त्यांनी घेऊ नये. समुद्राची ओढ खरी असेल, तर रीतसर अकृषिक झालेल्या जागेवरचे लहान घर स्वतःच्या नावावर घ्यावे. ओसीआय कार्डावर तेवढे शक्य आहे. ते महाग पडेल, समुद्रापासून थोडे आत असेल. तेही जमले नाही, तर गावातले घर भाड्याने घेऊन चार महिने राहावे. आणि त्या मुक्कामात एक दिवस पोयनाडच्या बाजूला जाऊन चरी पाहून यावे.

२२/
धागा वाचणाऱ्यांपैकी ज्यांचे कोकणात घर वा शेत आहे, त्यांनी आपल्या जमिनीचे जुने फेरफार एकदा काढून पाहावेत. १९५७च्या आसपास कोणाचे नाव गेले आणि कोणाचे लागले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. काहींच्या घरी त्या फेरफारात कुळाचे नाव निघेल, काहींच्या घरी खोताचे. दोन्ही घरांनी ते पान जपून ठेवावे.