आग विझल्यावर चुन्याची घाई नको

नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत, मे २०२३ मध्ये अकोल्यात जाळपोळ झाली. अशा वेळी भरपाईची बोलणी होतात, काजळीचे नाव कोणी घेत नाही. इतवारा असो की ताजनापेठ, आग विझली की आपला माणूस पाण्याची बादली आणि चुन्याचा डबा घेऊन धावतो. हा उतावीळपणा महागात पडतो. काजळी तेलकट असते. ओल्या फडक्याने ती भिंतीत मुरते आणि चुन्यातून पुन्हा डाग फुटतो. आधी कोरड्या स्पंजाने उतरवावी, मग साबणाचे पाणी, वाळल्यावर चपडा लाखेचा एक हात, नंतरच रंग. वायरीचे प्लास्टिक जळाले असेल तर त्या धुराचा ओलीत तेजाब बनतो. शिलाई मशीन, शटर गंजतात. म्हणून लोखंड पहिले पुसावे, तेल द्यावे.

कापड चोळू नये, झटकावे. विमा असेल तर (घ्यावा की नाही, तो वाद उलमांचा) सर्वेअर पाहून जाईपर्यंत माल फेकू नये, फोटो ठेवावेत. धूर लागलेला माल सेलमध्ये लावताना ऐब सांगूनच विकावा.

मुंबईत या सफाईच्या कंपन्या आहेत. आपले रंगारी आणि ड्रायक्लीनर हात काळे करतातच. हे काम त्यांनी शिकून घेतले तर वऱ्हाडात गिऱ्हाईक कमी नाही.